संग्रहालय, कलादालन की कॅफे : चित्रप्रदर्शन कुठे पाहावे?

कोणत्याही बऱ्या शहरात एकाच आठवड्यात तीन प्रकारच्या जागी चित्रे लागलेली असतात. संग्रहालयात महिनोन्महिने तयारी केलेले मोठे प्रदर्शन असते, एखाद्या कलादालनात एका चित्रकाराचे एकल प्रदर्शन चालू असते आणि कॅफेच्या भिंतीवर कोणा नवख्याची दहा-बारा चित्रे टांगलेली असतात. हाताशी एकच मोकळी दुपार असेल, तर कुठे जावे याचा निर्णय बहुधा जाहिरातच करून टाकते आणि संग्रहालयाचा फलक सर्वात मोठा असल्यामुळे पावले तिकडे वळतात. माझ्या मते त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ही भिंत कोणाची आहे आणि तिच्यावर चित्र लावण्याचा खर्च कोण उचलतो? चित्रांची निवड, प्रकाश, पाहायला मिळणारा निवांतपणा आणि चित्र विकत घेण्याची शक्यता या साऱ्या गोष्टी त्या एका उत्तरावरून ठरत जातात.

संग्रहालयाची भिंत विक्रीसाठी नसते. तेथील चित्र जपून ठेवण्यासाठी आणि लोकांना दाखवण्यासाठी असते, त्यामुळे निवडीवर गिऱ्हाइकाच्या आवडीचा दाब नसतो आणि क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनाची निवड व मांडणी करणाऱ्याला, एखादा विचार सलग मांडता येतो. एकाच चित्रकाराचे उमेदवारीतले काम आणि उतारवयातले काम शेजारी शेजारी लावणे, किंवा चार देशांत विखुरलेली चित्रे एका छताखाली आणणे, हे काम संग्रहालयाशिवाय दुसऱ्या कोणाला सहसा परवडत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने २०२३ मध्ये सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरची २८ चित्रे एकत्र आणली होती. त्याची म्हणून आज मानली जाणारी चित्रेच सुमारे ३७ आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रदर्शनाचे मोल कळते. तिकिटे काही दिवसांतच संपली आणि ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना तो योग पुन्हा येईल अशी आशा फारशी नाही.

मात्र अशा प्रदर्शनाची किंमत केवळ तिकिटापुरती नसते. नावाजलेल्या चित्रासमोर गर्दी असते, काच असते आणि कठडाही असतो. लूव्र संग्रहालयातील मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला पुढच्या माणसाने उंचावलेल्या मोबाइलच्या पडद्यावरची तिची प्रतिमाच अधिक येते. शिवाय संग्रहालयात पाहण्यासारखे इतके असते की प्रत्येक चित्राच्या वाट्याला फार थोडा वेळ उरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रेक्षकांचे निरीक्षण करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कलाकृतीसमोर थांबण्याची सरासरी २७.२ सेकंद भरली होती. ही सरासरीही काही चिकाटीच्या प्रेक्षकांमुळे वर गेलेली होती, कारण निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते.

संग्रहालयातील मंद प्रकाशाबद्दल अनेकजण कुरकूर करतात, पण त्याचे कारण समजून घेतले तर निर्णयालाही मदत होते. प्रकाशामुळे होणारी हानी साठत जाते आणि ती भरून काढता येत नाही. म्हणून जलरंग, रेखाटने, मुद्राचित्रे (ठशावरून कागदावर छापलेली चित्रे), जुनी छायाचित्रे आणि कापड यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाशाचे माप) आणि तैलचित्रांसाठी साधारण २०० लक्स एवढाच प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. कागदावरील नाजूक काम काही महिने दाखवले की पुन्हा दीर्घकाळ अंधाऱ्या कपाटात विसावते. यावरून एक व्यवहारी नियम निघतो. संग्रहालयात कागदावरील कामांचे किंवा बाहेरून उसनी आणलेल्या चित्रांचे प्रदर्शन चालू असेल, तर त्याला सर्वांत आधी जावे, कारण मुदत संपल्यावर ती चित्रे परत जातात. त्याच संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहातील तैलचित्रे बहुधा पुढच्या वर्षीही तिथेच असतात. प्रदर्शन ‘स्वतःच्या संग्रहातून’ असे जाहीर केलेले असेल आणि त्यात मुख्यतः तैलचित्रे असतील, तर घाई करण्याचे कारण नाही.

कलादालनाचे गणित अगदी वेगळे असते. तिथे प्रवेश बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतो, गर्दी नसते आणि याच कारणामुळे अनेकांना आत शिरायला संकोच वाटतो. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात संगणकावर मान घालून बसलेली एकच व्यक्ती आणि तिने वर पाहिले तर काय बोलावे हा प्रश्न, या सगळ्याने नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. वास्तविक कलादालन हे दुकान आहे आणि दुकानात पाहून परत जाणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असते, याची तिथल्या मंडळींना पुरेपूर जाणीव असते. काही न घेता तासभर चित्रे पाहून बाहेर पडणे यात गैर काही नाही. उलट दालन रिकामे राहणे हे त्यांना अधिक खटकते.

दालनांतही दोन प्रकार आहेत आणि निवड करताना तो फरक ओळखणे फार उपयोगी पडते. काही दालने ठरावीक चित्रकारांचे काम वर्षानुवर्षे सांभाळतात, त्यांची प्रदर्शने स्वतःच्या खर्चाने लावतात आणि विक्रीतून आपला वाटा घेतात. हा वाटा अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत असतो. आपला पैसा गुंतलेला असल्यामुळे असे दालन निवड काळजीपूर्वक करते, प्रदर्शन चार-सहा आठवडे ठेवते आणि चित्रांमध्ये मोकळी जागा सोडते. दुसऱ्या प्रकारात दालन आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या भाड्याने दिले जाते. निवड समिती असली तरी खर्च चित्रकाराचा असतो, त्यामुळे तो शक्य तितकी चित्रे भिंतीवर बसवतो आणि एका आठवड्यात उत्तम काम, तर पुढच्या आठवड्यात अगदी सुमार काम असे घडते. तरीही भाड्याच्या दालनाला एक मोठा फायदा आहे: चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. चित्रात निळ्याखाली तांबूस रंगाचा थर का दिसतो, हे संग्रहालयाची पाटी क्वचितच सांगते, पण करणाराच समोर असेल तर विचारता येते आणि बहुतेक चित्रकार किमतीपेक्षा अशा प्रश्नाने अधिक खुलतात.

जवळून पाहण्याची खरी सोय कलादालनातच आहे. कठडा नसतो, काच बहुधा नसते आणि हात लावायचा नाही एवढे पथ्य पाळले तर हवे तितके जवळ जाता येते. चित्राच्या अगदी बाजूला उभे राहून तिरप्या नजरेने पाहिले, की पॅलेट नाइफने (रंग लावण्याच्या पात्यासारख्या सुरीने) लावलेल्या रंगाचे उंचवटे, खरवडून काढलेला भाग आणि नंतर बुजवलेली रेघ उठून दिसते. कॅनव्हासची कड चौकटीत झाकलेली नसेल तर ती आवर्जून पाहावी. चित्र कोणत्या रंगाच्या थरावर उभे केले आहे, याचा माग पुष्कळदा त्या कडेवरच्या ओघळांत सापडतो. ज्याला चित्र कसे घडते हे समजून घ्यायचे आहे, त्याने मोकळी दुपार मोठ्या संग्रहालयापेक्षा दोन-तीन दालनांत घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून एखादे दालन निराशा करणार, हे गृहीत धरावे. दहा मिनिटांत बाहेर पडता येते आणि तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा दबाव नसतो. फक्त उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रे पाहायला जाऊ नये. त्या दिवशी माणसे भेटतात, चित्रे मात्र पाठीमागे झाकली जातात.

कॅफेतील चित्रांकडे जाणकार मंडळी तुच्छतेने पाहतात, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. पिकासोचे पहिले एकल प्रदर्शन फेब्रुवारी १९०० मध्ये बार्सिलोनाच्या ‘एल्स क्वात्रे गात्स’ या कॅफेत भरले होते आणि त्यात प्रामुख्याने तिथे येणाऱ्या मित्रमंडळींची व्यक्तिचित्रे होती. त्याआधी १८८९ मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या अधिकृत कलाविभागात जागा न मिळालेल्या गोगँ, एमिल बर्नार या फ्रेंच चित्रकारांनी व त्यांच्या साथीदारांनी प्रदर्शनाच्याच आवारातील व्होल्पिनी नावाच्या माणसाच्या कॅफेत आपली चित्रे लावली. कॅफेसाठी मागवलेले आरसे वेळेवर न आल्याने भिंती रिकाम्या राहिल्या होत्या आणि त्या रिकामेपणाचा यांनी फायदा घेतला. विक्री जवळजवळ झाली नाही, पण मोरिस दनीसारख्या तरुण चित्रकारांनी ती चित्रे पाहिली आणि त्यांच्या कामावर त्यांचा खोल ठसा उमटला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोने १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील एका महागड्या उपाहारगृहासाठी भित्तिचित्रांचे काम स्वीकारले होते. काही काळाने तो तिथे स्वतः जेवायला गेला, जेवणाऱ्यांचा तो थाट पाहिला आणि त्याने चित्रे देण्यास नकार देऊन पैसे परत केले. त्यांपैकी नऊ चित्रे पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाला मिळाली आणि आज ती मंद प्रकाशाच्या वेगळ्या दालनात लावली जातात. जे चित्र प्रेक्षकाकडून शांतता मागते, ते गप्पांच्या आणि कपबशांच्या आवाजात मरते, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. कॅफेत लहान रेखाटने, मुद्राचित्रे आणि छायाचित्रे तग धरतात, पण मोठे अमूर्त चित्र सहसा भिंतीचा कागद होऊन बसते.

कॅफेच्या भिंतीचा मालक चित्रांवर पोट भरत नाही आणि यातच तिचे बळ व दुबळेपण दोन्ही आहे. तो नवख्याला संधी देऊ शकतो, कारण चित्र विकले गेले नाही तरी त्याचे नुकसान होत नाही. पण चित्र नीट दिसावे यासाठी तो टेबल हलवणार नाही की दिवा वळवणार नाही. सर्वात चांगले चित्र नेमके ज्या टेबलामागे लावलेले असते, तिथे कोणीतरी जेवत बसलेले असते आणि त्याच्या डोक्यावर वाकून पाटी वाचणे प्रशस्त वाटत नाही. गर्दीची वेळ टाळून, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी उशिरा गेले तर ही अडचण बरीच कमी होते. एवढे करून जागा मिळाली, तर कॅफे जे देतो ते इतर दोन्ही ठिकाणी मिळणे कठीण आहे: एकाच चित्रासमोर अर्धा तास बसण्याची मुभा, आणि तेही महिनाभर पुन्हा पुन्हा. २७ सेकंदांत संपणाऱ्या भेटीच्या तुलनेत ही फार मोठी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी आवडलेले चित्र चौथ्या भेटीत कंटाळवाणे वाटले, तर आपल्या आवडीबद्दलही काही कळते.

चित्र विकत घेण्याचा विचार असेल तर संग्रहालय आपोआप वगळले जाते. तिथल्या दुकानात प्रतिकृती मिळतात, मूळ चित्र मिळत नाही. कलादालनात किंमत भिंतीवर लिहिलेली नसेल तर किंमतपत्रक मागून घ्यावे. पाटीशेजारची लाल टिकली म्हणजे ते चित्र विकले गेले आहे, आणि अर्धी टिकली असेल तर बहुधा ते कोणासाठी तरी राखून ठेवलेले आहे. त्याच चित्रकाराचे आत ठेवलेले आणखी काम दाखवा, अशी विनंती निःसंकोच करावी. लहान आकाराची, परवडणारी चित्रे पुष्कळदा तिथेच असतात. कॅफेत कमिशन कमी असल्याने किंमत उतरते आणि पैशांचा मोठा भाग चित्रकाराकडे जातो, हे खरे. पण चित्राची जबाबदारी घेणारे तिथे कोणी नसते, म्हणून पावतीवर चित्राचे नाव, वर्ष, माध्यम आणि आकार लिहून घ्यावा व तिच्यावर चित्रकाराची सही असावी.

कॅफेतील चित्राची प्रकृतीही तपासावी. स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर वाफ आणि तेलकट थर बसतो, तर खिडकीसमोरच्या भिंतीवर संग्रहालयाच्या ५० लक्सच्या कित्येक पट ऊन येते. जलरंगातले चित्र तिथे बराच काळ असेल, तर माउंटखाली (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीखाली) झाकलेली कड उघडून दाखवायला सांगावे; आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसला तर चित्राचा रंग उडू लागला आहे. कॅनव्हासवर छापलेली डिजिटल प्रत मूळ चित्र म्हणून गळ्यात पडण्याची शक्यताही कॅफेत अधिक असते. भिंगातून पाहिल्यावर ब्रशच्या फटकाऱ्याऐवजी सारख्या आकाराचे बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई आहे हे समजावे. प्रत घेण्यात कमीपणा नाही, पण किंमत प्रतीचीच असायला हवी. मुद्राचित्राची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रत हेच मूळ असते आणि खालच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला ७/३० असा आकडा तीस प्रतींपैकी ही सातवी आहे एवढेच सांगतो.

सोबत कोण आहे यावरही थोडे अवलंबून असते. लहान मुलांना संग्रहालय मानवते, कारण तिथे चालायला ऐसपैस जागा, बसायला बाके आणि प्रसाधनगृहे असतात. चाकाच्या खुर्चीची सोयही तिथेच मिळण्याची शक्यता जास्त. लहान कलादालने पुष्कळदा जिना चढून जावे लागेल अशा मजल्यावर असतात, तेव्हा वयस्कर मंडळींना नेण्याआधी फोन करून विचारणे बरे.

तिन्ही जागा एकमेकांजवळ असतील आणि तिन्हींचा मोह होत असेल, तर नजर ताजी असताना कलादालनापासून सुरुवात करावी, कारण तिथे काय चांगले हे आपले आपल्यालाच ठरवावे लागते. संग्रहालयात ते काम आधीच कोणीतरी केलेले असते, म्हणून ते नंतर ठेवले तरी चालते. मात्र बंद होण्याच्या किमान दोन तास आधी आत असावे आणि सर्व दालने पाहण्याचा हट्ट सोडून दोनच निवडावीत. कॅफे त्या दिवशी केवळ बसण्यासाठी ठेवावा आणि तिथली चित्रे दुसऱ्या एखाद्या सकाळी पाहावीत. निघण्यापूर्वी सुट्टीचे वार तेवढे पाहून घ्यावेत. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, काही कलादालने रविवारीही उघडत नाहीत, आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत दालनाच्या भिंती पूर्ण रिकाम्या असतात.