ठोकळ्यांचा ट्रॅक्टर, सात महिने आणि चोवीस दातांचा पांढरा गिअर

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या ट्रॅक्टरचा उजवा मागचा अ‍ॅक्सल पिळवटला. मोडला असता तर मी नवा बसवून गप्प राहिलो असतो. पण चाक काढून तो प्रकाशात धरला तेव्हा अधिक चिन्हाच्या छेदाच्या त्या काळ्या दांडीच्या चारही कडा सुंभाच्या पिळासारख्या गोल फिरलेल्या दिसल्या आणि या संचाविषयी सविस्तर लिहायलाच हवे असे वाटले. संच जूनमध्ये घेतला. तुकडे ११२४, किंमत ६,४९९ रुपये, सोबत एक मोटार आणि सहा सेलांची बॅटरी पेटी. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका संचापुरती आणि एका पत्रव्यवहारापुरती आहे.

ट्रॅक्टरच का, तर मुलीचा हट्ट. परभणीच्या कृषी विद्यापीठात १८ मे रोजी भरणाऱ्या खरीप मेळाव्यात तिने यंत्रांच्या रांगा पाहिल्या आणि घरी आल्यावर मोटारीवर चालणारा, ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर हवा म्हणून मागे लागली. तिच्याकडे डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांचा एक जुना संच होता. त्या कंपनीच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे आणि गिअर-अ‍ॅक्सलची तांत्रिक मालिका १९७७ ची. पेटंटची मुदत कधीच संपलेली असल्याने आता अनेक कंपन्या त्याच मापाचे तुकडे काढतात. दोन भोकांमधले अंतर ८ मिलिमीटर, सगळीकडे तेच. आमच्या संचातील तुकडे मुलीच्या जुन्या तुकड्यांत अचूक बसले. खेळण्यावर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री मी खरेदीपूर्वी केली होती. १ जानेवारी २०२१ पासून ते आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि स्वस्ताच्या मोहात ते न पाहता कोणी खरेदी करू नये.

जोडणीला आम्हा दोघांना नऊ संध्याकाळी लागल्या. त्याविषयी फार लिहीत नाही, पुस्तिकेतील चित्रे स्वच्छ आहेत आणि एकही तुकडा कमी निघाला नाही. मोटारीवर आठ दातांचा गिअर आहे, तो चोवीस दातांचा पांढरा गिअर फिरवतो. त्याच अ‍ॅक्सलवरचा दुसरा आठ दातांचा गिअर डिफरेन्शिअलच्या, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांच्या, पेटीवरचे चोवीस दात फिरवतो. म्हणजे तीन गुणिले तीन, नऊपट गती कमी आणि त्या प्रमाणात जोर जास्त. मोटार मिनिटाला सुमारे ३६० फेरे घेते, चाक ४० घेते. टायरचा व्यास ८० मिलिमीटर, परीघ सुमारे २५ सेंटिमीटर; मिनिटाला दहा मीटर अंतर कापले जायला हवे आणि आमच्या साडेपाच मीटर लांबीच्या ओसरीवर ट्रॅक्टरने तेहतीस सेकंदांत ते गणित खरे करून दाखवले. मी शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. आठवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना मला आजवर असे साधन मिळाले नव्हते.

सेलांचा खर्च मात्र पहिल्याच महिन्यात जाणवला. पेन्सिल सेलांचे सहा-सहांचे दोन संच संपले, म्हणून चार्ज होणारे सहा सेल आणि चार्जर असे मिळून चौदाशे रुपये एकदाच घातले. साध्या सेलाचा दाब दीड व्होल्ट, चार्ज होणाऱ्याचा १.२, म्हणजे नऊच्या जागी ७.२ व्होल्ट मिळतात आणि ट्रॅक्टर त्या मानाने मंद चालतो. मला ते मान्य आहे. ट्रॅक्टरला पळायचे नसते, ओढायचे असते.

आता अंगणाचे. सेलूला आमच्या घरासमोर फरशी नाही, काळी माती आहे. जुलैत पहिला चांगला पाऊस होऊन गेल्यावर मुलीने ट्रॅक्टर कडेच्या ओलसर मातीवर सोडला आणि तो दहा पावलांत अडकला. डावे चाक जागच्या जागी गरगर फिरत होते, उजवे हलत नव्हते. गावाकडून आलेले थोरले बंधू खाटेवर बसून हे पाहत होते. त्यांनी आयुष्यभर काळ्या रानात ट्रॅक्टर चालवला आहे. ते म्हणाले, "अरे, एकच चाक फिरायलंय की. लॉक दाब ना त्याचं." मी सांगितले की याला लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकत्र बांधून टाकणारी सोय, नाही. त्यावर त्यांनी मोठ्या गांभीर्याने विचारले, "मग ह्यो ट्रॅक्टर कशाला म्हणायचा?"

त्यांचा प्रश्न मला पूर्ण पटला. डिफरेन्शिअलच्या पेटीत बारा दातांचे तीन तिरके गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देणे हे त्यांचे काम. एक चाक हाताने पुढे फिरवले की दुसरे उलटे फिरते, हे मुलीला दाखवताना तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण हीच रचना दोन्ही चाकांना जोर निम्मा-निम्माच देते, त्यामुळे एक चाक निसरड्यावर गेले की त्याला जेवढा थोडा जोर पुरतो तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि गाडी रुतते. साडेसहा हजार रुपयांच्या ट्रॅक्टरला लॉक न देणे ही संचाची उणीव आहे, हे मत मी तेव्हा बनवले आणि ते आजही कायम आहे.

लॉक आम्ही पोळ्याच्या सुट्टीत स्वतः केले, आणि या सात महिन्यांतला सर्वांत आनंदाचा दिवस तोच. पेटीच्या एका कडेला चोवीस दात आहेत तसे दुसऱ्या कडेला सोळा आहेत, आणि संचात त्यांचा काहीच उपयोग केलेला नाही. पेटीला समांतर, दोन भोकांवर एक जादा अ‍ॅक्सल टाकला. त्यावर दोन सोळा दातांचे गिअर बसवले: एक पेटीच्या सोळा दातांत कायम अडकलेला, दुसरा तरफेने सरकणारा. तिसरा सोळा दातांचा गिअर उजव्या चाकाच्या अ‍ॅक्सलवर. सोळा आणि सोळा मिळून बरोबर दोन भोकांचे अंतर येते (सोळा आणि चोवीस घेतले तर अडीच येते आणि जुळणी फसते, त्यात आमची एक दुपार गेली). तरफ सरकवली की उजवे चाक पेटीशी बांधले जाते, आणि उजवे बांधले की डाव्यालाही वेगळे फिरता येत नाही. जादा लागलेले तुकडे मुलीच्या जुन्या डब्यातून मिळाले, खर्च शून्य. ओल्या मातीतून ट्रॅक्टर सरळ बाहेर आला तेव्हा बंधूंना व्हिडिओ पाठवला. त्यांचे उत्तर आले, "आता जमलं."

यानंतर ट्रॅक्टरकडून अधिक कामाची अपेक्षा ठेवली गेली. दिवाळीनंतर आमच्या भागात उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्याने जाऊ लागतात. मुलीनेही एक ट्रॉली बांधली, ज्वारीच्या धाटांचे बोटभर तुकडे करून मोळ्या बांधल्या आणि भरल्या. अंगणातून ओसरीवर चढायला फळी लावलेली आहे. त्या चढावर ट्रॅक्टर थांबला आणि आतून आवाज येऊ लागला: कट्, कट्, कट्. मोटार फिरत होती, चाके थांबलेली. मागचे आवरण काढल्यावर दिसले की चोवीस दातांचा पांढरा गिअर फिरतो आहे, पण त्याच्यातून गेलेला अ‍ॅक्सल फिरत नाही. गिअरचा मधला भाग झिजला, असा निष्कर्ष मी काढला आणि कंपनीला लिहिले.

त्या पत्रव्यवहाराचा मला मनस्ताप झाला. पहिल्या उत्तरात त्यांनी खरेदीची पावती मागितली, ती दिली. दुसऱ्यात गिअरचा फोटो, तोही दिला. तिसऱ्या उत्तरात असे कळवले की संपूर्ण संच, सर्व तुकडे सुटे करून, मूळ खोक्यात भरून स्वखर्चाने पाठवावा. एका गिअरसाठी ११२४ तुकडे सुटे करायचे आणि सेलूहून कुरिअरचे ३८० रुपये भरायचे, हे मला कोणत्याही हिशेबाने पटले नाही. मी नकार दिला. सहा ई-मेल आणि दोन फोन झाल्यावर, तेविसाव्या दिवशी, लिफाफ्यातून एक नवा पांढरा गिअर आला. बसवला. फळीवर तोच आवाज, त्याच जागी.

मग मी जुन्या डब्यातला चोवीस दातांचा अखंड करडा गिअर काढून त्या जागी बसवला. आवाज बंद झाला, ट्रॅक्टर मोळ्यांसह फळी चढून ओसरीवर आला.

सुरुवातीचा परिच्छेद सोडल्यास येथपर्यंतचा मजकूर मी त्याच आठवड्यात लिहून ठेवला होता आणि त्याचा शेवट "हा संच घेऊ नका" असा होता. ते वाक्य आज काढून टाकतो आहे, कारण करडा गिअर बसवल्यापासून चौथ्या दिवशी, लॉक लावलेला असताना उजवे चाक फळीच्या फटीत अडकले आणि अ‍ॅक्सल पिळला गेला.

अ‍ॅक्सल हातात घेऊन बसलो असताना पांढऱ्या गिअरची शंका आली. त्याच्या मधला भाग निराळ्या रंगाचा का आहे, हा प्रश्न मला जूनमध्येच पडायला हवा होता. दोन्ही गिअर, जुना आणि नवा, तपासले. गिअरमधून अ‍ॅक्सल घालून त्याला ८० मिलिमीटर लांबीवर आडवी पट्टी लावली, गिअरचे दात चिमट्यात घट्ट धरले आणि पट्टीच्या टोकाला दोऱ्याने पिशवी टांगून तिच्यात दहा रुपयांची नाणी एकेक टाकत गेलो. सहा नाण्यांना पट्टी स्थिर होती. सातव्याला कट् असा आवाज होऊन ती खाली आली. दुसऱ्या गिअरलाही सातच नाणी लागली. सात नाण्यांचे वजन ५४ ग्रॅम. ८ सेंटिमीटरच्या भुजेवर पिळण्याचा जोर सव्वाचार न्यूटन-सेंटिमीटर होतो. नंतर एका सहकाऱ्यांच्या डॅनिश संचातील असाच गिअर पाहिला, तर त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असा आकडाच उठवलेला आहे. हा गिअर ठरावीक जोराच्या पलीकडे घसरावा म्हणूनच बनवलेला असतो. तो घसरतो म्हणून पुढचे अ‍ॅक्सल आणि मागची मोटार वाचते. मी ज्याला झीज समजलो ते त्याचे काम होते.

तो काढून मी अडलेल्या मोटारीचा सगळा जोर नऊपट होऊन पुढे जाऊ दिला. भरीला लॉक: एरवी निम्मा-निम्मा वाटला जाणारा जोर त्यामुळे अडकलेल्या एकाच चाकाच्या एकाच अ‍ॅक्सलवर आला. पाच मिलिमीटरहून बारीक प्लॅस्टिकची दांडी ते सोसणार नाही, यात तिचा दोष नाही. म्हणून तुकड्यांच्या दर्जाविषयीचे माझे आधीचे मत मी मागे घेतो. घडण चांगली आहे, दोन पांढरे गिअर एकाच नाण्याला घसरावेत इतकी नेमकी आहे.

तक्रार मात्र आता वेगळ्या जागी आणि अधिक ठाम आहे. १८० पानी पुस्तिकेत या गिअरविषयी एक ओळ नाही. ग्राहकसेवेतील कोणीही, सहा ई-मेल आणि दोन फोनमध्ये, "तो घसरण्यासाठीच आहे" हे तीन शब्द मला सांगितले नाहीत. त्यांनी तेवीस दिवस घेऊन एक निर्दोष गिअर दुसऱ्या निर्दोष गिअरने बदलून दिला. ज्या संचाचा सगळा आनंद यंत्र समजून घेण्यात आहे, तो विकणाऱ्यांनी यंत्रातला सर्वांत शहाणा भाग न समजावता विकावा, याचे मला खरोखर वाईट वाटते. शिवाय सुटे तुकडे कंपनी विकत नाही. पिळलेल्या अ‍ॅक्सलच्या लांबीचे पाच नग मी दुसऱ्या विक्रेत्याकडून १४५ रुपयांत, टपालखर्चासह, मागवले आहेत.

धुळीविषयी दोन वाक्ये. बंधूंच्या सांगण्यावरून मी गिअरना ग्रीस लावले होते. लोखंडाला ते योग्य, इथे मात्र काळी धूळ चिकटून त्याचा लेप झाला, तेव्हा ग्रीस लावू नये, आणि धुवायचे झाल्यास मोटार व बॅटरी पेटी बाजूला काढून ४० अंशांपेक्षा कमी पाण्यात धुवावे, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी न वापरता माठाशेजारच्या बादलीतले घ्यावे.

पांढरा गिअर परत त्याच्या जागी बसवला आहे. चढावर पुन्हा कट्-कट् सुरू झाले की मुलगी मोळी उतरवते, कारण आता तिला त्या आवाजाचा अर्थ कळतो. दुसरी ट्रॉली तयार आहे. मात्र जोडट्रॉली ओढायची तर पेटीपुढे आणखी एक पायरी, आठ-चाळीस दातांची, बसवावी लागेल, म्हणजे आणखी पाचपट. त्यांचे अंतर तीन भोकांचे येते आणि बॅटरी पेटीखाली तेवढी जागा निघते आहे. पांढरा गिअर त्या नव्या पायरीच्या आधी ठेवला तर चाकांवर पाचपट जोर जाऊन अ‍ॅक्सल पुन्हा पिळेल, म्हणून तो नंतर ठेवायचा असे आम्ही ठरवले आहे. अ‍ॅक्सलचे टपाल गुरुवारपर्यंत यायचे आहे.