अवमूल्यन फळलं की नाही : १९६६ आणि १९९१ला कोणती फूटपट्टी लावाल?

प्रबंधाला अवमूल्यनाचा, म्हणजे सरकारने रुपयाचा दर मुद्दाम खाली आणण्याचा, विषय घेतलात की पहिली अडचण मोजमापाची. सगळ्यांत सोपी फूटपट्टी म्हणजे आधीची आणि नंतरची व्यापारी तूट (निर्यातीपेक्षा आयात जितकी जास्त ती) शेजारी मांडणं. आकडे एका दुपारीत मिळतात, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात.

१९९१ बघा. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया सुमारे १८-१९ टक्के उतरवला. १९९१-९२मध्ये डॉलरमधली आयात जवळपास १९ टक्के घटली, तूट आटली. अवमूल्यनाला पैकीच्या पैकी गुण! पण आयात अडली होती मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या अटींनी. आयातदाराला बँकेत आगाऊ रोख अडकवून ठेवावी लागे. निर्यातही त्या वर्षी दीडेक टक्का घसरली, त्यात सोव्हिएत बाजारपेठ कोसळल्याचा मोठा वाटा. श्रेय आणि दोष, दोन्ही भलत्याच्याच खात्यावर. १९९३-९४मध्ये निर्यात २० टक्क्यांच्या आसपास वाढली खरी, पण तोवर आयातशुल्क, परवाने, रुपयाचा दर ठरवायची पद्धतही बदलली होती.

दुसरी फूटपट्टी वास्तव विनिमय दराची : दोन्हीकडच्या महागाईचा फरक वजा करून रुपया खरंच किती स्वस्त झाला ते बघायचं. ६ जून १९६६ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, म्हणजे ५७ टक्क्यांहून महाग. सोबतच निर्यात अनुदानं काढली, चहा-तागावर निर्यातशुल्क बसवलं. वर लागोपाठ दोन दुष्काळ. धान्य कडाडलं आणि उरलासुरला फायदा महागाईने गिळला. मात्र अनुदान-शुल्काचा हिशेब या दरात आपोआप येत नाही, तो हातानेच घालावा लागतो.

तिसरी, मार्शल-लर्नर अट : अवमूल्यनाने तूट घटायची तर आयात-निर्यातीच्या मागणीच्या लवचिकतांची (किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्या मापांची) बेरीज एकापेक्षा जास्त हवी. कागदावर देखणी. पण वर्षागणिक एक आकडा धरला तर वीस-पंचवीस नोंदींवर काय सिद्ध करणार? शिवाय खनिज तेल महागलं तरी कोण कमी घेतं?

माझा कौल दुसरीला, अनुदान-शुल्क मिळवून आणि मालागणिक. चहा-ताग आणि अभियांत्रिकी माल एका बेरजेत कोंबू नका. आणि १९६६चा अभ्यास १९६६-६७वर थांबवू नका. ते दुष्काळाचं वर्ष आहे.