गाडी फक्त उभी असताना तापते? हेड उघडायला होकार देण्याआधी हे वाचा

माझी गाडी तापायची ती फक्त उभी असताना. मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवली तरी तापमानाचा काटा मधल्या रेषेवरून हलत नसे. कोंडीत पाच-सात मिनिटं अडकलं की मात्र तो वर सरकायला लागायचा, लाल पट्ट्याला टेकायच्या बेताला यायचा, आणि गाडीने वेग घेतला की आपोआप खाली उतरायचा. निदान या लक्षणातच होतं. मला ते कळत नव्हतं, म्हणून मी एकाच गॅरेजमध्ये तीन वेळा पैसे मोजले आणि शेवटी विनाकारण इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडून घेतला. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात एसीपासून झाली. गाडी चालू असताना एसी छान गार, थांबली की झळा. मेकॅनिक म्हणाला, गॅस कमी झालाय. भरला. दोन दिवसांत पुन्हा तेच. आता मागे वळून पाहताना सगळ्यात जास्त चीड याचीच येते. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढेच बसवलेली असते, आणि गाडी उभी असताना दोघांतून वारा खेचायचं काम पंख्याचं असतं. उभ्या गाडीत एसी गरम आणि इंजिनही गरम, ही दोन वेगळी दुखणी असणं अवघडच. रोज गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचलंच नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या खेपेला त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. बदलला नाही, काढूनच टाकला. वर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं खास द्रव, काढून साधं पाणी भरलं आणि म्हणाला, "आता बघा, तापायचं नावच घेणार नाही." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन नीट गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. बऱ्याच गाड्यांत ती ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागते. ती नसेल तर धावत्या गाडीत इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, इंधन जास्त जळतं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. मोकळ्या रस्त्यावर काटा तळाशी, पेट्रोल जास्त, आणि कोंडीत परत लाल पट्टा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी पळतानाही तापली असती, किंबहुना पळताना जास्त.

तिसऱ्या खेपेला खरा डाव झाला. त्याने गाडी सुरू ठेवली, काटा चढू दिला आणि इंजिन बंद करून जाड फडकं धरून रेडिएटरचं टोपण उघडलं. पाणी उसळून बाहेर आलं, वाफेचा लोट उठला. "बघा, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय. हेड गॅस्केट गेलं." म्हणजे हेडखालची, गळती अडवणारी पट्टी फाटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, असं त्याचं म्हणणं. मग ऑइलचं झाकण काढून मला त्याची आतली बाजू दाखवली. तिथे पिवळसर, सायीसारखा पातळ थर होता. त्याने त्यावरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. "ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. असंच चालवाल तर इंजिन जाम होईल." मी घाबरलो. हेड उतरवायला तिथल्या तिथे होकार दिला.

हे दोन्ही पुरावे पोकळ होते. कूलिंगची यंत्रणा दाबाखाली चालते, म्हणूनच आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण उघडून दाब सोडला की ते क्षणात उकळून उसळतं. गॅस्केट नवंकोरं असलं तरी हेच होणार. (गरम इंजिनचं टोपण स्वतः कधीच उघडू नका. त्या उसळीने तोंड-हात भाजतात.) आणि झाकणाखालची साय? जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसं तापत नाही, आतली दमट हवा झाकणाला लागून गार होते आणि तिथे असा थर धरतो. थर्मोस्टॅट काढल्यावर तर इंजिन आणखीच गार राहत होतं. पाहायची होती डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ होतं, हे मला आठवतंय, कारण आदल्याच आठवड्यात मी ते तपासलं होतं.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर इतर खुणा दिसतात. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो. खात्री करायची तर एक साधी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढून घेतात. जळलेला वायू त्यात असेल तर निळा रंग पिवळा पडतो. हेड उतरवण्याच्या कामापुढे ही चाचणी काहीच नाही. मला ती कोणी सुचवली नाही, आणि असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

हेड उतरलं, "घासून आणलं", नवं गॅस्केट बसलं, वॉटर पंपही नवा टाकला असं बिलात आलं. गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच मोठ्या कोंडीत काटा वर.

मग मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मला एकच प्रश्न विचारला: "पंखा फिरताना शेवटचा कधी ऐकलात?" मला उत्तर देता आलं नाही. त्याने गाडी सुरू करून एसी लावला. एसी लावल्यावर पंखा फिरायला लागायला हवा. नाही लागला. फ्यूज पाहिला, शाबूत. रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा स्विच, बदलून पाहिला, फरक नाही. मग पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले. तरी शांत. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच दोनदा ठोकलं, आणि पंखा कण्हत कण्हत फिरायला लागला. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी त्याला वॉटर पंपही पाहायला सांगितलं. त्याने टॉर्च मारून मला खाली वाकायला लावलं. पंपाच्या बोल्टांभोवती जुन्या वाळलेल्या कूलंटची खरपुडी तशीच होती, एकाही बोल्टाच्या डोक्यावर पाना लागल्याची खूण नव्हती. निदान चुकू शकतं, मी ते मान्य करतो. न बदललेल्या पंपाचे पैसे घेणं म्हणजे सरळ चोरी. मी पहिल्या गॅरेजात जाऊन जुना पंप मागितला, तर तो भंगारात गेल्याचं सांगण्यात आलं. काम सुरू होण्याआधीच "काढलेला प्रत्येक भाग मला परत हवा" असं लिहून घेतलं असतं तर हे बोलायला त्याला जागाच उरली नसती.

तुमची गाडी उभी असतानाच तापत असेल तर आधी पंखा बघा. बॉनेट उघडा, हात पात्यांपासून लांब ठेवा, एसी लावा आणि पंखा फिरतोय का ते पाहा. मग एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. काटा चढायला लागला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. पंखा ठीक असेल तर कूलंटची पातळी, रेडिएटरच्या पुढच्या जाळीत अडकलेला कचरा, मग टोपण आणि पंप. हेड सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावून कूलंटचं तापमान आकड्यात बघा. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्येच स्थिर ठेवलेला असतो आणि तो हलेपर्यंत तापमान बरंच वर गेलेलं असतं.

नवी मोटर, नवा थर्मोस्टॅट आणि योग्य कूलंट घातल्यावर माझ्या गाडीत उभ्या उभ्या तापमान ९८ पर्यंत चढतं, पंखा लागतो, ९२ ला येऊन बंद होतो. एसीही गार आहे. पण ज्या हेडला हात लावायची गरजच नव्हती, त्याच्या सांध्यातून आता एका बाजूने ऑइल पाझरतं. दर रविवारी मी ते पुसतो आणि किती वाढलं ते बघतो.