इथोसक्सिमाईड सिरप: तंद्रीच्या फिटसाठी कसं आहे, आमचा अनुभव

लेकीला ॲबसेन्स एपिलेप्सी (तंद्रीच्या फिटचा आजार) निघाली तेव्हा ह्या औषधाबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय, कोल्हापूर आणि आसपासच्या आईबापांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे हे औषध सगळ्या फिटसाठी नाही. पोर खाली पडतं, हातपाय झटकतं, त्या मोठ्या फिटला ह्याचा उपयोग नाही. हे आहे तंद्रीवाल्या फिटसाठी, म्हणजे बोलता बोलता पोर थांबतं, पाचदहा सेकंद नुसतं टक लावून बघतं, पापण्या फडफडतात आणि मग काही झालंच नाही असं परत खेळायला लागतं. आमच्या लेकीला दिवसातनं कितीतरी वेळा व्हायचं, शाळेत बाई म्हणायच्या लक्ष नाही हिचं, ओरडा पण खायची बिचारी, आणि त्या सेकंदांत तिला शुद्धच नसायची हे कुणाच्या ध्यानात येणार. साधारण ४ ते १० वर्षांच्या पोरांत हे सुरू होतं, तर असं दिसलं की रागवायच्या आधी ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लाटा टिपणारी तपासणी) करून घ्या. त्यात पोराला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, बऱ्याच पोरांना तिथंच तंद्री लागते आणि पट्टीवर सेकंदाला ३ अशा ठराविक लाटा उमटतात. आमचं निदान तिथंच पक्कं झालं.

आता औषध काय करतं ते सांगते, कारण डॉक्टरांनी हे चित्र काढून समजावलं आणि तेव्हा माझी भीती निम्मी गेली. मेंदूच्या पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा जवळपास १०,००० पट जास्त कॅल्शियम असतं, आणि पेशीच्या भिंतीत त्याला आत घेणारी बारीक दारं असतात, तीच कॅल्शियम चॅनेल. त्यात टी-टाईप म्हणून एक जात आहे, ती अगदी कमी व्होल्टेजला उघडते आणि लगेच मिटते. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस आहे, तिथल्या पेशींत ही दारं भरपूर. झोपेत हीच दारं कामाला येतात, त्यामुळं ती वाईट नाहीत, पण ह्या आजारात जागेपणीच ती जास्त उघडझाप करतात आणि थॅलॅमस आणि वरचा मेंदू एकमेकाला धरून एकाच ठेक्यात हलगी वाजवल्यासारखे वाजत राहतात, तो ठेका म्हणजेच ईईजीतल्या त्या ३ लाटा, आणि तेवढा वेळ पोर आपल्यात नसतं. इथोसक्सिमाईड ह्या टी-टाईप दारातनं जाणारा प्रवाह कमी करतं, म्हणून ठेका जमतच नाही. मोठ्या फिटची गडबड वेगळी असते, तिथं हे चालत नाही ते ह्याचमुळं.

हे ऐकून घरी आमच्या सासूबाईंनी गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध बंद करायचं काढलं, कॅल्शियम नको म्हणून! तर डॉक्टर म्हणाले आजी, दूध बिनधास्त द्या, रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच सांभाळतं आणि ते फार कमी झालं तर उलट त्यानंच फिट येते. आणि घरात कुणाची बीपीची ॲम्लोडिपिन असेल, ती पण कॅल्शियम चॅनेलवरचीच गोळी आहे, पण ती रक्तवाहिन्यांतल्या वेगळ्या जातीच्या चॅनेलवर चालते, तिचा ह्या फिटशी संबंध नाही, कुणी डोकं चालवून पोराला देऊ नका.

गुण आला का, तर आला, छान आला. डोस हळूहळू वाढवला तशा तंद्र्या कमी होत गेल्या आणि आता दिसत नाहीत, वह्या पूर्ण व्हायला लागल्यात. २०१० साली अमेरिकेत ४५३ पोरांवरचा मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात इथोसक्सिमाईड आणि फिटचीच दुसरी दोन औषधं, व्हॅल्प्रोएट नि लॅमोट्रिजिन, ताडून बघितली होती. १६ आठवड्यांनी इथोसक्सिमाईडवरच्या ५३ टक्के आणि व्हॅल्प्रोएटवरच्या ५८ टक्के पोरांना औषध लागू पडलं होतं, म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच, लॅमोट्रिजिनवरच्या मात्र फक्त २९ टक्के पोरांना. पण लक्ष न लागण्याचा त्रास व्हॅल्प्रोएटवर ४९ टक्के पोरांत आणि ह्याच्यावर ३३ टक्क्यांत, म्हणून आमच्या डॉक्टरांनी हे निवडलं, आणि मुलगी असल्यानं पुढचा विचार करूनही, कारण व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला धोक्याचं असतं.

त्रास म्हणाल तर पोट. सुरुवातीला मळमळ, भूक कमी, मध्येच उचक्या. जेवणानंतर द्यायला लागलो तसं बरंच निवळलं. चव लेकीला अजिबात आवडत नाही, रोज संध्याकाळी समजूत काढावी लागते. अंगावर पुरळ आलं, किंवा ताप नि घसा धरला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, क्वचित रक्तातल्या पेशी कमी होतात, त्यासाठी मध्येमध्ये रक्त तपासतात. आमच्या बाटलीत ५ मिलीत २५० मिलीग्रॅम आहे, घरच्या चमच्यानं देऊ नका, मापाचं झाकण किंवा सिरिंजच वापरा.

एक मार्क कापते तो मिळण्याच्या त्रासासाठी. राजारामपुरीत, सीपीआर सरकारी दवाखान्याच्या आसपास एवढी मेडिकल आहेत, पण हे काउंटरवर पटकन मिळालं असं आमच्या बाबतीत झालंच नाही, ऑर्डर देऊन मागवावं लागतं. एका दुकानात तर हे नाही, ही फिटचीच दुसरी गोळी घेऊन जा म्हणाले आणि कार्बामाझेपिन काढून दिली. ह्या तंद्रीच्या फिट त्या गोळीनं वाढू शकतात! तर बदली औषध डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊच नका, आणि बाटली निम्मी झाली की पुढची सांगून ठेवा, मेडिकलवाल्या दादांना प्रिस्क्रिप्शनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की ते मागवून ठेवतात, कारण हे औषध अचानक तुटलं तर फिट परत जोरात येऊ शकतात, आणि सणासुदीला पार्सल लटकतात.