नौपाड्यात पेडल स्टीलचं कडक पेडल मऊ करून मिळालं!

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, पायाने पेडल दाबलं की तिच्या ठरावीक तारांचा सूर चढतो. माझ्या १० तारांच्या, ई नाईन ट्यूनिंगच्या पेडल स्टील गिटारचं ए पेडल इतकं कडक होतं ना, तासभर वाजवलं की घोटा दुखायचा, आणि बी पेडल एकदम हलकं, त्यामुळे दोन्ही एकत्र दाबले की एक सूर आधी पोचायचा एक मागून. शेवटी नौपाड्यातल्या एका छोट्या गिटार रिपेअरच्या दुकानात घेऊन गेलो. काका सरळ म्हणाले, "हे वाद्य पहिल्यांदाच उघडतोय, तू शेजारी बस", हे मला फार आवडलं.

गिटार उलटी ठेवली, टॉर्च मारला, तर ए पेडल ज्या तारा ओढतं त्या ५व्या आणि १०व्या तारेचे रॉड (ओढणाऱ्या सळ्या) बेलक्रँकच्या (पेडलबरोबर फिरणारी छोटी तरफ) शाफ्टपासून, म्हणजे ती ज्या दांड्यावर बसते त्यापासून, सगळ्यात लांबच्या भोकात! तिथे पेडल थोडंसंच दाबावं लागतं पण जोर जास्त लागतो. दोन्ही रॉड एकेक भोक शाफ्टकडे आणले, पेडल आता जरा खोल जातं पण काय मऊ झालंय! मग पेडल कुठे थांबेल ते ठरवणारा स्टॉपचा स्क्रू आणि रॉडच्या टोकाचे नायलॉनचे नट फिरवत, ए पेडल दाबल्यावर त्या तारांच्या बी सुराचा होणारा सी शार्प परत जुळवला, त्यातच अर्धा तास गेला पण काकांनी अजिबात घाई केली नाही. जाताना ट्यूनर न्या, आणि दुपारी दुकान बंद असतं.