कोकणातल्या हवेत लाकडी स्कूनर: तीन ऋतूंनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडाला घेतलेला, दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरची (शिडाच्या जहाजाची) छोटी लाकडी प्रतिकृती जोडायचा किट पुरा झाला. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तीनही ऋतू त्याने देवगडात काढले. म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येतं. एका वाक्यात सांगायचं तर सांगाडा उत्तम, लाकूड चांगलं, दोरा टाकाऊ, आणि धातूचे भाग आपल्या खाऱ्या हवेसाठी केलेलेच नाहीत. किट युरोपातल्या एका कंपनीचा आहे. नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या लाकडी किटला लागू पडेल.

जहाज बाल्टिमोर क्लिपर जातीचं आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या काठी बांधली जाणारी ही जहाजं अंगाने निमुळती, मागे कललेल्या डोलकाठ्यांची आणि वेगवान असत. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात ती याच वेगासाठी गाजली. प्रमाण १:६४, म्हणजे साडेपाच फुटी खलाशी अडीच सेंटिमीटरहून किंचित उंच दिसेल. पहिल्या जहाजासाठी हे प्रमाण योग्य वाटतं. याहून लहान घेतलं तर कप्प्यांची भोकं दिसत नाहीत, मोठं घेतलं तर ते ठेवायला घरात जागा लागते. किमतीबद्दल एवढंच, की खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेलं. असे किटही त्याच वर्गात मोडतात. परदेशी संकेतस्थळावरचा आकडा पाहून बेत करू नये.

पेटी उघडल्यावर सगळ्यात आधी कण्याचा प्लायवूडचा तुकडा काढून काचेवर ठेवावा. तो पीळ खाल्लेला असेल तर किट तिथूनच परत करावा. कणा वाकडा असेल तर पुढचं जहाज कितीही जीव लावलात तरी सरळ होत नाही. माझा सरळ निघाला. आडव्या चौकटी लेझरने कापलेल्या होत्या आणि खाचा जरा घट्ट होत्या. त्या ठोकून बसवण्यापेक्षा कानशीने एकेक हात मारून सैल केलेल्या बऱ्या. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, चौकटींमधली जागा भरायला पुस्तिकेत बाल्सा हे हलकं लाकूड सांगितलं आहे. तिथे मी पांगाऱ्याचे तुकडे वापरले. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना वापरतात तोच पांगारा: हलका, मऊ, पॉलिशपेपरने पटकन आकार घेणारा. बाल्सा मागवायची गरजच पडली नाही.

आता पट्ट्या. जहाजाच्या अंगावर दोन थर चढतात. आतला लाइमवूडचा, दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद. बाहेरचा अक्रोडाचा, पातळ. जहाजाचा घेर मध्यावर जास्त आणि नाळेपाशी कमी, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. मध्यावर घेर मोजायचा, नाळेपाशी मोजायचा, आणि दोन्हीकडे पट्ट्यांच्या संख्येने भागायचं. टोकाशी रुंदी निम्म्याहून कमी येत असेल तर दोन पट्ट्यांची एक करायची. हे गणित पुस्तिकेत एका छोट्या आकृतीत उरकलंय, आणि नवशिक्यांचं जहाज नेमकं इथेच बिघडतं. एवढा महाग किट विकणाऱ्याने याला चार पानं द्यायला हवी होती.

आमच्या वाडीत बोटी बांधणारे एक वयस्क मेस्त्री आहेत. आता फायबरच्या बोटींमुळे लाकडाचं काम कमी झालंय, पण नजर तीच. अर्धं पट्टीकाम झालेलं जहाज त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते डोळ्यासमोर आडवं धरून पाहिलं आणि म्हणाले, "फळयेक जोर करू नको गो. ती खय जाऊक बघता ता बघ." पट्टी चौकटींवर नुसती टेकवली की ती आपणहून कुठल्या वळणाने जाते ते दिसतं. त्या वळणावर पेन्सिलीची खूण करायची आणि उरलेला भाग कापायचा. पट्टी तिच्या जाडीच्या बाजूने सहज वाकते, रुंदीच्या बाजूने वाकवायला गेलं की उचलते किंवा मोडते. सगळ्या पट्टीकामाचं सार मेस्त्रींच्या त्या एका वाक्यात आहे.

आपल्याकडची खरी परीक्षा हवेची. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमटपणाबरोबर फुगतं आणि आटतं. पाच मिलिमीटरच्या पट्टीत एक टक्का फरक म्हणजे ०.०५ मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. अशा वीस पट्ट्या शेजारीशेजारी असल्या की तोच फरक पूर्ण एक मिलिमीटर होतो. जुलैत हवेत ओल भरलेली असताना चिकटवलेल्या पट्ट्या फेब्रुवारीत फटी दाखवतात. उलट मार्चच्या कोरड्या दिवसांत कचकचून बसवलेल्या पट्ट्या आषाढात एकमेकींना ढकलून उचलतात. म्हणून पावसाळ्यात मी फक्त सांगाडा, कप्प्या, होडगी, तोफांचे गाडे अशी सुटी कामं केली. पहिला थर नवरात्रानंतर आणि अक्रोडाचा दिवाळी उलटल्यावर चढवला. भिजवून वाकवलेल्या पट्ट्या वाळवायला एका खोक्यात जुना तारेचा बल्ब लावला, कारण एलईडीची ऊब पुरत नाही. हा पट्टीकामाचा भाग आता पहिला पावसाळा बघेल, त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये मिळेल. उन्हाळ्यात मात्र एकही फट पडलेली नाही.

गोंदाबाबत थोडक्यात: लाकडाला लाकूड पांढऱ्या फेविकॉलने, तेही पातळ थर देऊन आणि नेहमीच्या दुप्पट वेळ दाबून. झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे आपल्याकडे तो फार लवकर धरतो आणि पट्टी सरकवायला वेळ देत नाही. शिवाय दमट दिवशी त्याची पांढरी वाफ आजूबाजूच्या लाकडावर बसते. उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी.

यापुढचं सगळं माझ्या हौसेचं, म्हणजे किटमधलं बदलून आपलं घालण्याचं. डेकच्या पट्ट्यांसाठी किटमध्ये फिकट लाकूड होतं, ते काढून शिवणीच्या पट्ट्या घातल्या. शिवण कोकणात मिळते, रेषा बारीक, आणि हवेबरोबर फार हलत नाही. साग वापरावा असं अनेकांना वाटेल. मलाही सागाबद्दल आदर आहे. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण सागाची छिद्रं मोठी. १:६४ ला ती छिद्रं बोटभर खड्ड्यांसारखी दिसतात आणि जहाज खेळण्यातलं वाटायला लागतं. प्रमाणात काम करताना लाकडाचा मोठेपणा नव्हे, रेषेचा बारीकपणा बघावा. फणसाचं लाकूड मी फक्त बैठकीसाठी वापरलं. त्याचा पिवळा रंग दिवसेंदिवस गडद होत जातो आणि अक्रोडाखाली शोभतो. ही बैठक सावंतवाडीला खरादावर उतरवून घेतली.

डेकच्या पट्ट्या शंभर मिलिमीटरच्या ठेवल्या, म्हणजे खऱ्या जहाजात साधारण एकवीस फूट. सांधे शेजारच्या पट्टीत एका रेषेत येऊ दिले नाहीत. कडांना मऊ पेन्सिल घासली की डांबर भरलेल्या फटींची बारीक काळी रेघ दिसते. या एका गोष्टीने डेक जिवंत होतो, आणि खर्च पेन्सिलीचा.

दोऱ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथेच किटने सगळ्यात जास्त निराश केलं. आलेला दोरा सुती, लव असलेला आणि एकाच जाडीचा. सुती दोरा ओल धरला की फुगून आखडतो, सुकला की सैल पडतो. चाचणीसाठी चार दोर ताणून ठेवले होते, ते पाऊस पडला की तारेसारखे आणि ऊन पडलं की लोंबते. जाळ्याचा नायलॉनही पाहिला. तो चमकतो आणि ताण दिला की लांबतो. शेवटी शिंप्याकडचा पॉलिस्टर दोरा घेतला आणि लाकडी चक्रांचं एक छोटं यंत्र करून त्याच्यापासून दोऱ्या वळल्या. सुंभ वळताना जे करतात तेच इथे: प्रत्येक पदराला एका बाजूने पीळ द्यायचा आणि तिन्ही पदर एकत्र उलट बाजूने वळायचे, म्हणजे पीळ पिळाला धरून ठेवतो. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या दोऱ्या काळपट, कारण खऱ्या जहाजात त्यांना डांबर लावत. शिडं ओढायच्या दोऱ्या फिकट. मधमाशीच्या मेणावरून ओढल्या की लव बसते.

चढायच्या आडव्या दोऱ्यांमधलं अंतर सहा मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. खऱ्या जहाजात तेरा ते पंधरा इंच म्हणजे माणसाची एक पायरी. किटच्या नकाशात ते नऊ दाखवलंय, आणि त्या पायऱ्यांवर अडीच सेंटिमीटरचा खलाशी चढूच शकणार नाही. प्रत्येक ठिकाणी खुंटगाठ मारायची, नुसता गोंदाचा थेंब नाही. काम किचकट आहे, पण यातूनच जहाजाला ताण येतो. कप्प्या चौकोनी येतात, त्या डब्यात पॉलिशपेपर चिकटवून आत टाकून हलवल्या की कोपरे गोल होतात.

किटमधलं पितळ पहिल्याच पावसाळ्यात हिरवं व्हायला लागलं. बसवण्याआधी प्रत्येक भाग स्पिरिटने पुसून पारदर्शक लॅकरचा हात द्यावा. तोफा शिशाच्या असतील तर त्या बदलाच. लाकडातून आणि गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरी भुकटी होऊन झडतं, आणि बंद काचेच्या पेटीत हे लवकर होतं. म्हणून पेटीला खाली जाळी लावलेली भोकं ठेवली आहेत. शिडं मी लावलीच नाहीत. आपल्या हवेत सुती कापडाला बुरशी धरते, आणि उघड्या दोऱ्यांची बांधणी झाकूनही जाते.

हे स्कूनर पाहून काही जणांनी सुचवलं, की तिरकं त्रिकोणी शीड लावून त्याचं गुराब कर. तसं होत नाही. आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब अंगाने रुंद, पाण्यात उथळ, आणि पुढे लांब सुळका काढलेलं. पुढच्या तोफा त्या सुळक्यावरून डागत. गलबत त्याच घडणीचं पण लहान, दोन डोलकाठ्यांचं, वाऱ्याखेरीज वल्ह्यांवरही चालणारं. हा सगळा घाट वेगळा आहे. ते करायचं तर कण्यापासून करावं लागेल. त्याचा किट मी खूप शोधला, मला मिळाला नाही. विजयदुर्ग आमच्यापासून जवळ. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं, आणि आज त्या जहाजांचं एक चांगलं प्रतिरूप आपल्या घरात ठेवता येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटतं. या किटमध्ये शिकलेलं पट्टीकाम आणि दोरकाम घेऊन गलबत कण्यापासून बांधायला घेतलं आहे. मेस्त्री जुन्या मचव्यांची मापं आठवून सांगताहेत. कुणाच्या घरी शिबाड, गलबत किंवा मचव्याची लिहून ठेवलेली मापं, जुना फोटो किंवा आजोबांनी बांधलेल्या बोटीचा एखादा सुटा भाग असेल तर मोजू द्या. लांबी, मध्यावरची रुंदी आणि डोलकाठीची उंची एवढी तीन मापं मिळाली तरी काम पुढे सरकेल.