सहाजणांचा टनेल टेंट, आम्ही चौघं आणि शेजारच्या देशात नऊ रात्री

मुलांना घेऊन परदेशात जायचं पण हॉटेलवर पैसे घालवायचे नाहीत असं घरात ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी टेंट शोधायला लागलो, कारण नऊ रात्री तेच आमचं घर असणार होतं. विमान नाही, आपलीच गाडी, सीमा ओलांडून शेजारच्या देशात दोन कॅम्पसाइटवर मुक्काम. त्यामुळे हा रिव्ह्यू टेंटचा असला तरी मध्येमध्ये प्लॅनिंगचं येणारच, ते वेगळं काढताच येत नाही.

टेंट टनेल प्रकारचा, म्हणजे ओळीने कमानी लावलेला बोगद्यासारखा, ६ जणांचा, झोपायच्या दोन खोल्या आणि पुढे ताठ उभं राहता येईल एवढी जागा. कापड पॉलिस्टर, वॉटरप्रूफिंग ३००० मिमी, म्हणजे कापडावर ३ मीटर उंच पाणी उभं केलं तेवढा दाब आला तरी झिरपत नाही. पोल फायबरग्लासचे, वजन १७ किलो. गेल्या वर्षीचं मॉडेल, सीझन संपता संपता घेतलं म्हणून बरंच स्वस्त पडलं.

चौघांना ६ जणांचा कशाला असं नवऱ्याने विचारलं होतं. बॉक्सवरचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलं तर किती माणसं मावतील तो, त्यात बॅगा नाहीत, बूट नाहीत, ओले टॉवेल नाहीत, आणि पाऊस लागला की दिवसभर आत बसणारी दोन मुलं तर नाहीतच. आम्हाला दीड दिवस सलग पाऊस लागला आणि त्या पुढच्या जागेत मुलांनी पत्ते खेळून, चित्रं काढून वेळ काढला, रडारड झाली नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी परत हाच साइज घेईन.

पण मोठ्या टेंटचं एक लक्षात ठेवा, बुकिंग करताना माप सांगा. आमचा टेंट ५.६ मीटर लांब आहे आणि दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या की साडेसात मीटरपर्यंत जातो. दुसऱ्या कॅम्पसाइटला मी आधीच मेल करून विचारलं तर ते म्हणाले साध्या प्लॉटवर, म्हणजे एका टेंटसाठी आखलेल्या जागेत, बसणार नाही, आणि त्याच रेटमध्ये कोपऱ्यातला मोठा प्लॉट दिला. न विचारता गेलो असतो तर तिथे उभं राहून जास्तीचे पैसे भरून बदलावं लागलं असतं. रेट बघतानाही नीट बघा, बऱ्याच ठिकाणी वर दिसतो तो आकडा प्लॉट आणि दोन मोठ्या माणसांचा असतो, मुलं वेगळी, वीज वेगळी, कुठे कुठे माणशी टुरिस्ट टॅक्स वेगळा. आम्ही वीज घेतलीच नाही, दिवे चार्जिंगचे होते आणि फोन गाडीत चार्ज केले. आणि सगळ्यात जास्त पैसे वाचले ते तारखांमुळे. आपल्या शाळांना सुट्टी लागलेली असते पण तिकडच्या शाळा अजून चालू असतात असे आठ-दहा दिवस बऱ्याचदा सापडतात, तेव्हा तिकडे ऑफ सीझनचा रेट असतो आणि गर्दी पण नसते. दोन्हीकडची शाळांची कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून बघा.

नवऱ्याला सुट्टी उशिरा मिळाली, तो दोन दिवसांनी ट्रेनने येणार होता, म्हणून पहिल्यांदा मुलांना घेऊन मी एकटीच गेले. तुमचंही तसं असेल तर दुसऱ्या पालकाच्या सहीचं संमतीपत्र बरोबर घ्या, माझ्याकडे सीमेवर मागितलं, फाइलमध्ये वरच होतं, दोन मिनिटांत पुढे सोडलं. गाडीचा इन्शुरन्स सीमेपलीकडे चालतो का हे पण निघायच्या आधी लेखी विचारून घ्या. तिकडचं घड्याळ एक तास पुढे आहे हे मी हिशोबात धरलं होतं म्हणून ऑफिस बंद व्हायच्या आत पोचलो आणि उजेडात टेंट लावता आला.

टेंट मी आणि मोठ्या मुलीने (वय ११) दोघींनी मिळून लावला, २५ मिनिटांत. हे जमलं कारण निघायच्या आधी दोनदा मोकळ्या मैदानात लावून बघितला होता, पहिल्या वेळी सव्वा तास लागला होता. पोलांना आणि कापडाच्या खोबणींना सारखे रंग दिलेत, लाल पोल लाल खोबणीत, त्यामुळे मुलांनाही कळतं. खुंट्या मात्र बारीक तारेच्या दिल्यात, कडक जमिनीत वाकतात, जाड स्टीलच्या वेगळ्या घ्या.

आता मुख्य तक्रार, जी आधी मी चुकीची करणार होते. पहिल्या सकाळी उठले तर बाहेरचं कापड आतून ओलंचिंब, बोट लावलं की ओघळ, धाकट्याच्या स्लीपिंग बॅगचं टोक भिजलेलं. इतका राग आला, म्हटलं ३००० मिमी लिहिलंय आणि पहिल्याच रात्री गळतोय. शेजारच्या टेंटमधल्या बाई दात घासून येत होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, रात्री पाऊस कुठे होता? खरंच नव्हता. ते आमच्याच श्वासाचं पाणी होतं. मुलीला थंडी वाजते म्हणून मी वरच्या हवेच्या खिडक्या गच्च बंद केल्या होत्या, आत तिघं झोपलेले, उबदार दमट हवा गार कापडाला लागून तिथेच पाणी धरत होती. दुसऱ्या रात्री दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, मुलीला एक जास्तीचं स्वेटर घातलं, आतल्या खोलीचं कापड बाहेरच्याला टेकू नये म्हणून मागच्या दोऱ्या जरा ताणल्या, सकाळी जवळजवळ कोरडं. पुढे खरा पाऊस आला तेव्हा शिलाईतून एक थेंब आत आला नाही. त्यामुळे वॉटरप्रूफिंगला मी पूर्ण मार्क देते.

पण पोल! दुसऱ्या कॅम्पसाइटवर लावताना मधला पोल जमिनीजवळच्या टोकाला उभा चिरला. फायबरग्लास चिरलं की बारीक कुसळं निघतात, हातात घुसतात, मुलांना लांब ठेवा. बॉक्समध्ये सुटा तुकडा नाही, दुरुस्तीची नळी नाही, काहीच नाही. गावातल्या दुकानात पोल होते, पण ९.५ आणि ११ मिमी जाडीचे, आमचा १२.७. शेवटी नवऱ्याने चिरेला लागून स्टीलची खुंटी उभी धरून जाड टेपने घट्ट बांधली, टोक खोबणीच्या बाहेर येतं म्हणून तसं चाललं, आणि शेवटच्या चार रात्री टिकलं. कंपनीला मेल केला, उत्तर सहा दिवसांनी आलं, तोपर्यंत आम्ही घरी परत. सुटा तुकडा फुकट पाठवतो म्हणाले हे बरं झालं, पण परदेशात कुटुंब घेऊन जाणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग. एवढ्या मोठ्या टेंटमध्ये एक तुकडा आधीच टाकायला हवा होता. तुम्ही घेतलात तर जाडी मोजून एक आधीच विकत घ्या.

गॅसचंही तसंच. आमच्या शेगडीला स्क्रूवाली डबी लागते आणि पहिल्या गावात मिळत होत्या त्या भोक पाडून लावायच्या. दुसऱ्या दिवशी ३० किलोमीटरवर मिळाली. तिकडे कुठली डबी मिळते ते आधी बघून ठेवा. विमानाने जात असाल तर डबी नेता येतच नाही, तिकडेच घ्यावी लागते. आणि बाहेर कितीही गार असलं तरी शेगडी किंवा विझत आलेले निखारे टेंटच्या आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

शेवटच्या सकाळी दव होतं, ओलाच गुंडाळावा लागला. बॅग जरा सैल दिलीय म्हणून कोंबायला त्रास झाला नाही, हे मला फार आवडलं. घरी आल्या आल्या पसरून वाळवला, कारण दमट राहिला तर आतला कोटिंगचा थर चिकट होऊन निघायला लागतो. खुंट्यांची मातीही धुवून काढली. न्यूझीलंडसारख्या देशात तर सीमेवर टेंट उघडून माती आणि बिया बघतात, तेव्हा जाताना टेंट स्वच्छच न्या.

पाचपैकी चार स्टार, एक पोलासाठी कापला. सुटा तुकडा परवा आला, बसवून बघितला, बरोबर बसतोय.